गोणपाटामागचा रंग

हा चोंग-ह्यून यांच्या 'कंजंक्शन' मालिकेतलं चित्र लांबून पाहिलं तर फार काही दिसत नाही. पांढुरका, कधी मातकट रंग, आणि ताणून बसवलेलं कापड. जवळ गेल्यावर लक्षात येतं, की रंग पुढून लावलेलाच नाही. भरड गोणपाटाच्या पाठीमागून घट्ट तैलरंग जोर लावून रेटलेला आहे आणि तो विणीच्या भोकांतून पुढे आला आहे. कुठे शेवया पडाव्यात तसा, कुठे जेमतेम टाचणीच्या डोक्याएवढा. जिथे वीण घट्ट, तिथे तो आलेलाच नाही. चित्र कसं दिसावं याचा निम्मा निर्णय कापडाने घेतला आहे. पुढे आलेल्या रंगावरून मग चित्रकार पातं किंवा फळी फिरवतो, एवढाच त्याचा पुढच्या बाजूचा वाटा.

१९७४च्या सुमारास हा यांनी ही पद्धत सुरू केली. गोणपाटच का, याचं उत्तर सौंदर्यशास्त्रात शोधायची गरज नाही. कोरियन युद्धानंतर अमेरिकी मदतीचं धान्य अशाच पोत्यांतून येत असे. चांगला कॅनव्हास महाग होता, पोती हाताशी होती. त्याआधी याच चित्रकाराने काटेरी तार आणि स्प्रिंगा घेऊन काम केलं होतं आणि ते दिवस पाक चुंग-ही यांच्या हुकूमशाहीचे होते.

कोरियन कलेच्या समूह-प्रदर्शनांची सध्या जगभर चलती आहे आणि त्यांत 'जाणीव' व 'द्रव्य' या दोन शब्दांवाचून पान हलत नाही. हे शब्द खोटे नाहीत. पण त्यांच्यासोबत 'ध्यान', 'मौन', 'निसर्गाशी एकरूपता' अशी जी मंडळी येतात, त्यांनी घोटाळा केला आहे. दान्सेख्वा, म्हणजे १९७०च्या दशकातली एकरंगी चित्रकला, हे त्याचं ठळक उदाहरण. १९७५ साली टोकियोत पाच कोरियन चित्रकारांच्या पांढऱ्या रंगावर एक प्रदर्शन झालं. 'कोरियन मन पांढऱ्या रंगात दिसतं' ही समजूत तिथून रुजली. २०१२मध्ये ग्वाचनच्या राष्ट्रीय संग्रहालयाने या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं, २०१४मध्ये लॉस एंजेलिसच्या एका गॅलरीने आणि २०१५मध्ये व्हेनिसने ती उचलून धरली आणि भाव कडाडले. या पिढीच्या आधीच्या किम ह्वान-गी यांचं निळ्या ठिपक्यांचं एक चित्र २०१९मध्ये हाँगकाँगच्या लिलावात दहा कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेलं. बाजाराला शांतता विकायला सोपी पडते. आपल्याकडे चित्रकार गायतोंड्यांच्या बाबतीत वेगळं काही झालेलं नाही. झेनबद्दल चार वाक्यं बोलली की त्यांच्या रोलरच्या आणि पातीच्या कामाकडे बघायची जबाबदारी संपते.

युन ह्योंग-गून यांचं उदाहरण घ्या. निळा आणि काळसर तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ते कच्च्या कापडावर उभे पट्टे ओढत. रंग कापडात मुरतो, कडा पसरतात, आणि दोन काळ्या खांबांमध्ये एक उजळ फट उरते. प्रदर्शनांत याला हमखास 'चिंतनशील' म्हणतात. १९७३ साली युन शाळेत चित्रकला शिकवत होते. गुप्तचर खात्याच्या प्रमुखाशी लागेबांधे असलेल्या घरातल्या एका मुलीच्या प्रवेशाबद्दल त्यांनी शंका काढली आणि त्यांना अटक झाली. कारण दाखवलं गेलं, की त्यांची टोपी लेनिनच्या टोपीसारखी दिसते. नोकरी गेली, पाळत सुरू झाली, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी या माणसाने पूर्णवेळ चित्रं काढायला घेतली. १९८०च्या मे महिन्यात ग्वांगजूत लष्कराने माणसं मारली, त्यानंतरच्या त्यांच्या चित्रांत हे खांब कलायला लागले. हे ठाऊक असलं तर चित्र बदलत नाही, पण त्या फटीकडे आपण निवांतपणे पाहू शकत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. या एकरंगी चित्रकारांपैकी बहुतेकांनी राजवटीविरुद्ध जाहीरपणे ब्र काढला नाही आणि १९८०च्या दशकातल्या मिंजुंग, म्हणजे लोकपक्षी, कलावंतांनी त्यांना त्याबद्दल कधी माफ केलं नाही. दान्सेख्वाच्या यादीत स्त्रियांची नावंही जवळपास नाहीत. चोंग कांग-जा या चित्रकर्तीचं १९७०चं एकल प्रदर्शन सरकारने बंद पाडलं, आणि नंतरच्या इतिहासाने तिला बरीच वर्षं अडगळीत ठेवलं.

म्हणूनच २०२३मध्ये सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात सुरू होऊन पुढे न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये आणि लॉस एंजेलिसच्या हॅमर संग्रहालयात गेलेलं १९६०-७०च्या प्रयोगशील कोरियन कलेचं प्रदर्शन मला महत्त्वाचं वाटतं. तिथे द्रव्याला त्याचं साल आणि पत्ता परत मिळाला. किम कु-लिम यांनी १९७०मध्ये हान नदीच्या काठावरचं गवत त्रिकोणी पट्ट्यांत जाळलं, त्याची छायाचित्रं. ली कांग-सो यांनी १९७३मध्ये सोलची एक गॅलरी काही दिवस माक्कोल्ली पिण्याचा गुत्ता करून टाकली, त्याची आठवण. आणि देगूचे छ्वे ब्योंग-सो. त्यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉरचा हात होता तेव्हा, रोजचा पेपर घेतला आणि बॉलपेनने व पेन्सिलीने ओळ न् ओळ खोडली. मग पुन्हा खोडली. कागद पातळ होतो, चिरतो, झिजून भोकं पडतात. शेवटी हातात उरतं ते जळक्या पत्र्यासारखं, शिशाने चकाकणारं काहीतरी, ज्याला कागद म्हणवत नाही. वाचता येईल असं एक अक्षर उरत नाही. द्रव्याचं याहून तिखट राजकारण मला दुसऱ्या कोरियन कलाकृतीत दिसलेलं नाही.

जाणिवेचा प्रश्न ली उ-फान यांनी १९६८मध्येच मांडला होता. लोखंडी पत्रा, त्यावर काच, काचेवर पडलेला दगड, आणि तडे. प्रत्येक प्रदर्शनात काच नव्याने फुटते, म्हणून तडे दरवेळी निराळे. त्यांची पुढची कामं याहून गुळगुळीत होत गेली, हे माझं मत आहे आणि ते अनेकांना पटणार नाही.

पुढच्या पिढीत द्रव्य अधिक वांड झालं. ली बुल यांनी कच्चे मासे टिकल्या-मण्यांनी सजवून मांडले आणि ते सडू दिले. १९९७मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाने वासापायी ते काम काढून टाकलं. नंतर वास मारण्यासाठी त्यात रसायन घातलं, तर २०१८मध्ये लंडनच्या हेवर्ड गॅलरीत उद्घाटनाच्या आधी, काम हलवत असतानाच, त्याने पेट घेतला. यांग हे-ग्यू खिडक्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्यांतून उजेड कापतात. आपण चालतो तसा आडोसा उघडतो आणि मिटतो. त्यांची घुंगरांची शिल्पं मात्र मला जरा सजावटीकडे झुकलेली वाटतात. कु जोंग-आ यांनी २०२४च्या व्हेनिस बिएनालेत कोरियाचं दालन जवळजवळ रिकामं ठेवून सतरा गंधांनी भरलं. कोरियाच्या वासांच्या सहाशेच्या आसपास आठवणी लोकांकडून मागवून ते गंध तयार केले होते. कल्पना अस्सल आहे. पण सतरा गंध एका छताखाली आले की नाक लवकर हात टेकतं.

आणि याच जाणिवेच्या नावाखाली दुसरं टोकही आहे. २०२०मध्ये सोलच्या गंगनम भागात डिस्ट्रिक्ट या कंपनीने इमारतीच्या कोपऱ्यावरच्या पडद्यात एक प्रचंड लाट कोंडली. माणसं थबकली, फोन वर गेले. डोळ्याला फसवण्याचं कसब त्यात पुरेपूर आहे. द्रव्य नावालाही नाही, म्हणून घरी गेल्यावर त्यातलं काही अंगाला चिकटून राहत नाही.

ओम जोंग-सून यांचं काम या टोकाच्या नेमकं उलट. दृष्टी नसलेल्या मुलांना त्या हत्तीजवळ नेतात, मुलं हाताने हत्ती समजून घेतात आणि मातीत घडवतात. त्या आकारांवरून ओम यांनी सोंड नसलेले प्रचंड हत्ती उभे केले, कापडाने मढवलेले, आणि लोकांना हात लावायची मुभा दिली. आपल्याकडे अंधगजन्याय हा दुसऱ्याच्या अर्धवट ज्ञानाला हसण्यासाठी वापरतात. इथे चाचपडणाऱ्यांचंच म्हणणं प्रमाण धरलं आहे. विषयाला कोरियन इतिहासही आहे. १४११मध्ये जपानहून भेट आलेल्या हत्तीने एका अधिकाऱ्याला तुडवलं आणि राजाने त्या हत्तीला बेटावर हद्दपार केलं.

याच कामाला २०२३च्या ग्वांगजू बिएनालेत पाक सो-बो यांच्या देणगीतून दिला जाणारा पहिला पुरस्कार मिळाला. पाक हे दान्सेख्वाचे म्होरके. हुकूमशाहीच्या काळात गप्प राहिलेल्या माणसाच्या नावाचा पुरस्कार ग्वांगजूच्या भूमीवर नको, म्हणून तिथल्या कलावंतांनी निदर्शनं केली आणि पुरस्कार त्याच वर्षी रद्द झाला. पाक त्याच ऑक्टोबरात वारले.

कोरियन कलेचं प्रदर्शन कुठे बघायला मिळालं तर चित्राआधी शेजारची पाटी वाचा. तिच्यावर 'मौन' आणि 'ध्यान' असेल, पण गोणपाट कुठून आलं आणि तेव्हा राज्य कोणाचं होतं हे नसेल, तर त्या प्रदर्शनाने आपलं अर्धं काम केलेलं नाही.