हरवलेला ‘स’

दिवाळीच्या झाडलोटीत आमच्या घरी दरवर्षी एक खटला उभा राहतो. आरोपी मी, फिर्यादी आमच्या सौभाग्यवती आणि मुद्देमाल म्हणजे माळ्यावरची तीन खोकी. एकात गेलेले व्हॉल्व्ह, दुसऱ्यात जळके ट्रान्सफॉर्मर, तिसऱ्यात लाऊडस्पीकरचे फाटके कागदी शंकू. “अहो, या सगळ्या खटाटोपाच्या वेळात किती गाणी ऐकून झाली असती!” हा तिचा युक्तिवाद दरसाल तोच असतो. यंदा मात्र मी त्यावर विचार करीत बसलो. यंत्राच्या नादी लागलेला माणूस गाणे ऐकतो की यंत्र, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

माझा अधिकार आधी सांगून टाकतो. मी शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो आणि त्यातूनही वेळ उरला तर ध्वनिवर्धक बांधतो. शिक्षण मॅट्रिकपुरते असल्याने माझे विद्युतशास्त्र ओहमच्या नियमापाशी सुरू होते आणि तेथून फार लांब जात नाही. गाण्यातही मी केवळ ऐकणारा. तथापि वीस वर्षे हात भाजून घेतल्यावर माणसाला थोडे बोलण्याचा हक्क येतो, असे मी धरून चालतो.

‘हाय-फाय’ हा शब्द आपण आता थाटामाटाला लावतो. हाय-फाय लग्न, हाय-फाय हॉटेल. मुळात त्याचा अर्थ ‘मुळाशी असलेले मोठे इमान’ एवढाच होता. घरी बसून हे इमान साधण्याचे वेड जगभर पसरले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४७ साली विल्यमसन नावाच्या तंत्रज्ञाने इंग्लंडातील ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात एका ध्वनिवर्धकाचा आराखडा छापला आणि देशोदेशींच्या हौशी लोकांनी तो आपापल्या टेबलावर बांधला. १९५४ साली ब्रिग्ज या लाऊडस्पीकर बनविणाऱ्या गृहस्थाने लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन आणि त्याची मुद्रिका एकामागून एक ऐकवून श्रोत्यांनाच न्यायासनावर बसविले. त्याच साली अमेरिकेत व्हिल्चर याने बंद पेटीत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगसारखे राबवून लहानशा पेटीतून खोल खर्ज काढून दाखविला. ही सारी माणसे एकाच प्रश्नामागे होती. यंत्रातून येणारा आवाज मुळासारखा कसा होईल?

पण मूळ म्हणजे काय? येथेच खरी अडचण आहे. एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून अमेरिकेत गावोगावी एक प्रयोग चालविला होता. रंगमंचावर गायिका आणि तिच्याशेजारी तिचीच तबकडी. मध्येच दिवे मालवीत. दिवे लागल्यावर कळे की गायिका केव्हाच आत गेली आहे आणि गात आहे ते यंत्र! लोक थक्क होत. आज ती यंत्रे ऐकली तर डब्यातून कोणी हाक मारीत आहे असे वाटते. मग ते श्रोते बहिरे होते काय? नव्हते. ॲना केस या त्यांतल्याच एका गायिकेने पुढे म्हातारपणी सांगून टाकले, की ती आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत असे. म्हणजे यंत्राने मुळाशी इमान राखण्याऐवजी मुळानेच यंत्राशी राखले होते.

आपल्याकडे निराळे काय झाले? १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने कर्ण्यापुढे तोंड धरून गाणे म्हटले, तेव्हा तासाचा पसारा तीन मिनिटांत बसवावा लागला. त्यातून तीन मिनिटांचे एक नवेच गाणे जन्मले. अब्दुल करीमखाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांना समोर बसून ऐकलेला माणूस आज मिळणे जवळजवळ अशक्य. तेव्हा त्यांच्या मुद्रिकेची तुलना मी कशाशी करावयाची? आता तबकडी हेच मूळ. घरी बसून प्रयोग करणाऱ्याचे इमान त्या काळ्या लाखेवर जे कोरले आहे त्याच्याशी असावयास हवे. हे समजावयास मला बरीच वर्षे आणि बरेच पैसे लागले.

सुरुवात माठाने झाली. खेड्यात स्पीकर माठाच्या तोंडावर उपडा घालण्याची रीत आहे, ती मीही केली. काय तो घुमारा! सगळी आळी खूश. पण आठवड्याने ध्यानात आले की तबला कोणाचाही असो, डग्गा एकच स्वर बोलतो. तो स्वर डग्ग्याचा नव्हता, माठाचा होता. माठाच्या पोटातल्या हवेला स्वतःचा एक सूर असतो आणि जवळून जाणाऱ्या प्रत्येक सुराला ती ओढून आपल्यात घेते. मग प्लायवुडची बंद पेटी केली आणि एक जुनी गोधडी उसवून तिच्या चिंध्या आत भरल्या. घुमारा गेला. आळीचे म्हणणे पडले की मास्तरांनी चांगला स्पीकर बिघडविला. खरेपणा पहिल्या दिवशी नेहमी फिकाच लागतो.

त्यानंतर ध्वनिवर्धक. पुण्याच्या जुन्या बाजारातून ईएल ८४ चे व्हॉल्व्ह आणि तपकीर गल्लीतून बाकीचे सामान आणून यंत्र उभे केले. ते चालू होताच घरात कोणीतरी अखंड खर्ज लावून बसल्यासारखी गुणगुण सुरू झाली. विजेच्या प्रवाहाची पन्नास कंपने माझ्या वायरिंगमधून वाट काढीत होती. जमिनीच्या साऱ्या तारा एकाच बिंदूला आणून जोडल्या तेव्हा तो बिनबुलाया तंबोरा थांबला. यात दोन पावसाळे गेले.

मग उरली खरखर. जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या म्हणजे पाऊस पडत असताना पत्र्याखाली गाणे ऐकणे. मी वरचे सूर कापणारी गाळणी बसविली. खरखर नाहीशी झाली. आवाज लोण्यासारखा मऊ झाला. अभिमानाने आत्याला बोलाविले. ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. आत्याने तेव्हा नुकतीच साठी ओलांडली होती. लहानपणी तिने हिराबाई बडोदेकरांना पुण्यात गणेशोत्सवात अगदी पुढे बसून ऐकले होते. मी हिराबाईंचीच तबकडी लावली. आत्याने डोळे मिटले, थोड्या वेळाने उघडले आणि म्हणाली, “आवाज बाईंचाच आहे रे. पण त्यांचा ‘स’ कुठं गेला?”

मी मराठी शिकविणारा माणूस. ‘स’ आणि ‘श’ यांच्या चुकांसाठी मुलांच्या वह्या लाल करणारा. आणि माझ्याच यंत्रातून ‘सखी’ची ‘खी’ होत होती, ते मला ऐकू आले नव्हते!

कारण शोधले तेव्हा समजले की ‘स’कार आणि खरखर शेजारीशेजारी राहतात. दोघांचा मुक्काम वरच्या, दर सेकंदाला चार-पाच हजार कंपनांच्या पलीकडच्या प्रदेशात. एकाला हाकलावयास जावे तर दुसराही निघून जातो. शिवाय माझा मोठा अपराध निराळाच होता. लाँगप्लेइंग तबकड्या कोरताना वरचे सूर मुद्दाम चढवून कोरतात आणि वाजविताना तेवढेच उतरवितात. हा हिशेब अमेरिकेत १९५४ साली ठरला आणि पुढे सर्वत्र चालला. पाच हजार कंपनांपाशी आवाजाची उंची निम्म्याहूनही कमी होते, दहा हजारांपाशी पाचव्या हिश्शावर येते. जुन्या तबकड्या या हिशेबाने कोरलेल्याच नाहीत. मी मात्र सर्वांना एकच माप लावीत होतो. जे चढविलेलेच नव्हते तेही उतरवीत होतो आणि वर गाळणी! सुईही चुकीची. लाँगप्लेइंगची बारीक सुई जुन्या तबकडीच्या रुंद चरीत तळाशी जाऊन धूळ उकरीत होती. सुमारे तिप्पट रुंद टोकाची सुई आणली, हिशेब बदलला, गाळणी काढून टाकली. खरखर थोडी परत आली. तिच्यासोबत ‘स’ परत आला.

वेगाचीही अशीच गोष्ट. ‘अठ्ठ्याहत्तर’ म्हटलेल्या साऱ्याच जुन्या तबकड्या खरोखर अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांनी कोरलेल्या नाहीत. वेग पाच-सहा टक्क्यांनी चढला की गवयाची पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते आणि तानही तेवढीच चपळ होते. एखाद्या बुजुर्गाच्या तयारीवर दोन पाने लिहिणाऱ्या समीक्षकाने ती तयारी गवयाची की मोटारीची, हे आधी पाहावयास नको काय?

आता माझे मत सांगतो. जुन्या मुद्रिका धुऊनपुसून नव्याने काढण्याची आज मोठी चाल आहे. संगणकाने खरखर अशी पुसतात की गायिका जणू कापसात उभी आहे. मेहनत आणि विवेक ठेवून केलेली अशी कामे आहेत, त्यांना माझा नमस्कार. पण पुष्कळ ठिकाणी स्वच्छतेच्या हौसेपायी श्वास जातो, ओठांची हालचाल जाते, ‘स’ जातो. माझ्या पहिल्या कादंबरीत एका संपादकांनी आजीची बोली शुद्ध करून दिली होती. पाने स्वच्छ झाली, आजी मात्र नाहीशी झाली. दुसऱ्या टोकाला पितळी कर्ण्याचे भक्त आहेत. त्यांना खरखर हेच गाणे वाटते. त्यांचेही मला पटत नाही. खरखर ही गायिकेची नव्हे. ती सोसावयाची ती केवळ तिच्याआड दडलेल्या अक्षरासाठी.

आणि महागड्या यंत्रांविषयी म्हणाल, तर एकदा वर्गात मोबाईलवरून मी चढत्या कंपनांचे सूर मुलांना ऐकविले. ऐकू येईल त्याने हात वर करावा. पंधरा हजारांवर अर्ध्या वर्गाचे हात वर होते आणि मला वाटत होते की यंत्र बंद पडले आहे. चाळिशीनंतर कान वरून झिजत जातो. वीस हजारांच्या बाता मारणारे यंत्र मी कोणासाठी घ्यावे? तेव्हापासून कोणताही बदल केला की मी मुलाला पडद्याआड बसवून, कोणते यंत्र लावले ते न सांगता वाजवावयास लावतो. निम्म्या वेळा माझा कौल चुकतो. या खेळाने माझे फार पैसे वाचविले आहेत.

म्हणून सौभाग्यवतींच्या प्रश्नाचे उत्तर असे: तेवढ्या वेळात गाणी खूप ऐकून झाली असती हे खरे, पण ती मी माठातूनच ऐकली असती. बिघडवून, जोडून, चुकून मला कळले की कोणता आवाज गायिकेचा, कोणता तबकडीचा, कोणता माझ्या पेटीचा. टीका म्हणजे याहून निराळे काय असते?

आत्या आता ऐंशीला आली. तिला दाराची घंटा ऐकू येत नाही. भाऊबीजेला आली की म्हणते, “बाईंची तबकडी लाव रे.” मी लावतो. ती डोळे मिटते आणि त्या जागेवर बोट वर करते. ‘स’ नेमका तेथेच आहे. तिला तो ऐकू येतो की आठवतो, हे मी विचारलेले नाही. यंदा तीन खोक्यांपैकी दोन रद्दीवाल्याला द्यावयाचे कबूल केले आहे. तिसरे राहील.