व्हिसा कोणाकडं मागायचा?

मराठी प्रवासवर्णनाचा साचा ठरलेला. लेखक लंडन-पॅरिस बघतो, तिथली शिस्त वाखाणतो, घरच्या वरणभातासाठी तळमळतो नि परत येतो. पुलंची ‘अपूर्वाई’ (१९६०) मी बी खदाखदा हसत वाचली. पण या लेखकांना परतल्यावर घर जागच्या जागी सापडतं. ज्याला आपल्याच मुलखात कुणी उंबऱ्याच्या आत घेत नाही, त्याच्या प्रवासाचं काय?

म्हणून दोस्तहो, बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मी प्रवासवर्णन म्हणून वाचतो. १९१३ ला ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, कोलंबियात शिकले, मग लंडन. १९१७ ला नोकरीसाठी बडोद्याला आले. ते सांगतात, परदेशातल्या मुक्कामात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. पण बडोदा स्टेशनवर सवाल उभा राहिला, जायचं कुठं? पारशी नाव घेऊन ते सराईत राहिले. अकराव्या दिवशी पारशी लाठ्या घेऊन आले. एक मित्र हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही काखा वर केल्या. मुंबईची गाडी सुटेपर्यंत बाबासाहेब बागेत बसून राहिले.

आता पुस्तकाचं नाव परत वाचा. सातासमुद्रापार जायला अडचण आली नाही. १९०१ ला मसूर स्टेशनावरून बापाकडं जायला मात्र गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं देऊन पोरांनीच बैलगाडी हाकली. १९३४ ला दौलताबादच्या किल्ल्यावर पाण्यावरून अडवलं. साहसी प्रवास म्हणायचा तर हा. व्हिसा लागतो तो इथं, आपल्याच देशात.

अण्णा भाऊ साठे वाटेगावहून बापासंगं पायी मुंबईला आले, गिरणीत राबले नि १९६१ ला रशियाला गेले. ‘माझा रशियाचा प्रवास’ मला जवळचं वाटतं, कारण ते इमारतींच्या आधी माणूस बघतात. पण ते भक्ताच्या नजरेनं बघतात. तिथल्या सत्तेला एक बी टोकदार सवाल नाही. ज्याच्या लेखणीतून ‘फकिरा’ उतरला, त्याच्याकडून ही अपेक्षा ठेवायलाच पाहिजे.

परदेशानं माणूस मोठा होतो, हे मला पटत नाही. त्याची अपमान गिळायची सवय मोडते, एवढंच. पण एवढंच लई आहे. बडोद्यानंतर दहा वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, महाडचं चवदार तळं पेटलं. मला ही एकाच वाटेवरची दोन ठिकाणं दिसतात.

आमच्या रांजणगावात गणपतीला गाड्या भरभरून माणसं येतात, एमआयडीसीत परदेशी कंपन्या आल्यात. याच नगर रस्त्यानं आपण १ जानेवारीला भीमा कोरेगावला जातो. उद्या तुमच्यातला कुणी विमानात बसंल. त्यानं बर्फाचे फोटो जरूर आणावेत. पण परतल्यावर गावात कुणी जात विचारली तेव्हा पोटात काय झालं, ते आधी लिहावं. मराठीत ते प्रवासवर्णन अजून पुरतं लिहून झालेलं नाही.