भिंतीसकट चित्र

अजिंठ्याचा पद्मपाणी आपल्यापैकी बहुतेकांना प्रथम भेटतो तो कॅलेंडरवर. झुकलेली मान, मिटू पाहणारे डोळे, हातात कमळ आणि भोवती काही नाही. मलाही तो तसाच भेटला होता. म्हणून पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात गेलो तेव्हा गोंधळलो. तो एकटा नव्हताच. अंतराळाच्या डावीकडे तो, उजवीकडे वज्रपाणी आणि दोघांच्या मधून आत, गाभाऱ्याच्या अंधारात, बसलेला बुद्ध. त्याची खाली वळलेली नजर तिथे कळली.

मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या रंगीत नकला केल्या. बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. गिल यांची छायाचित्रे मात्र १८६४ सालीच फर्ग्युसन यांच्या मजकुरासह पुस्तकरूपाने आली होती. चित्रे पाहण्याच्या आशेने ती उघडणाऱ्याची निराशा होते. त्या काळची ओल्या मसाल्याची काच तांबड्या-पिवळ्याला जवळजवळ आंधळी, आणि अजिंठ्याची भिंत गेरूची. त्यात लेण्यातला अंधार. दिसतात ते खांब, कमानी, कोरीव दर्शनी भाग.

तरीही मला ही छायाचित्रे मोलाची वाटतात. उजेड कोठून येतो, खांबांमागे किती खोल जावे लागते, हे त्यांतून कळते. पुढे हैदराबाद संस्थानातर्फे गुलाम याझदानी यांचे चार खंड १९३० ते १९५५ या काळात निघाले. रंग हाती आले, हे ऋण मोठेच. पण छापील पान प्रसंग दाखवते; दालन त्यात मावत नाही. कॅलेंडरने तर उरलेली भिंतही कापून टाकली.

हा दोष केवळ अजिंठ्यापुरता नाही. आमच्या भागातील एका देवळात दशावताराची जुनी भित्तिचित्रे होती. जीर्णोद्धारात त्यांवर ऑइलपेंट चढला. आता एकच फोटो उरला आहे, आणि त्यात फक्त नरसिंहाचा चेहरा आहे. तो कोणत्या भिंतीवर होता, शेजारी कोण होते, हे सांगणारी दोनच वृद्ध माणसे गावात आहेत.

गावोगावच्या देवळांत कॅमेरा घेऊन जाणाऱ्या तरुणांना एवढेच सांगणे: चेहरा जरूर टिपा, पण आधी चार पावले मागे सरा. चित्राला घर असते. तेही फोटोत येऊ द्या.