कूल पार्कचा तलाव आणि जलरंगातील कोरी जागा

प्रास्ताविक :
आयर्लंडच्या गॉलवे परगण्यातील कूल पार्क ही नाटककार लेडी ग्रेगरी यांची इस्टेट आयरिश साहित्याच्या पुनरुज्जीवनाचे एक प्रमुख केंद्र होती. डब्ल्यू. बी. येट्स यांच्या ‘द वाइल्ड स्वान्स अ‍ॅट कूल’ (१९१७) या कवितेमुळे तेथील तलाव जगभरच्या वाचकांस परिचित झाला. परिणामी, या तलावाचे निसर्गचित्र पाहताना रसिक बहुधा चित्राऐवजी कवितेचाच शोध घेतो. अशा जलरंगचित्राचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
कूलचा तलाव चुनखडकाच्या प्रदेशातील आहे. भूजलाच्या चढउतारानुसार तो हिवाळ्यात विस्तारतो व उन्हाळ्यात आक्रसतो. त्यास कायमचा काठ नाही. ओल्या कागदावर पसरणारा रंग ही अनिश्चितता सहज व्यक्त करू शकतो. म्हणूनच ठळक रेषेने बांधून टाकलेला काठ हा येथे केवळ तंत्रदोष राहत नाही. तो त्या स्थळाविषयीचा गैरसमज ठरतो.

पारदर्शक जलरंगात प्रकाश रंगविला जात नाही. कागद कोरा राखून तो साधला जातो. हंसांची शुभ्रताही अशीच साकारते. तथापि प्रत्येक कोरी जागा म्हणजे प्रकाश नव्हे. ही इस्टेट १७६८ मध्ये रॉबर्ट ग्रेगरी यांनी भारतात मिळविलेल्या संपत्तीतून विकत घेतली. पुढे ते ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्षही झाले. याच घराण्यातील विल्यम ग्रेगरी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १८४७ च्या कलमान्वये, दुष्काळात पाव एकराहून अधिक जमीन कसणाऱ्या कुळांना सरकारी मदत नाकारण्यात आली. तलावाच्या निसर्गरम्य चित्रात ही कुळे दिसत नाहीत. निसर्गचित्राने इतिहास सांगावा, अशी सक्ती करता येणार नाही. परंतु ही अनुपस्थिती समीक्षकाने नोंदविली पाहिजे.

समारोप :
१९२७ मध्ये इस्टेट शासनाकडे गेली, १९३२ मध्ये लेडी ग्रेगरी निवर्तल्या आणि १९४१ मध्ये वाडा पाडण्यात आला; तलाव मात्र राहिला. त्यामुळे त्याचे चित्र केवळ गतवैभवाचा शोक म्हणून पाहणे अपुरे होय. आपल्या परंपरेत हंस हा नीरक्षीरविवेकाचे प्रतीक आहे. येथे सौंदर्य आणि इतिहास वेगळे ओळखावे लागतात. मात्र त्यांपैकी एकही टाकून देता येत नाही.