किती तास?

ऑफिसच्या पॉटलकमध्ये मी रिब्जचा ट्रे ठेवला आणि समोर चिठ्ठी लावली, 'बार्बेक्यू रिब्ज'. मूळचा मेम्फिसचा असलेला एक सहकारी आला. त्याने एक खाल्ली, दुसरी उचलली आणि विचारलं, "किती तास?"

मी म्हणालो, "अठ्ठावीस मिनिटं."

तो हसला. हातातली रिब त्याने संपवली आणि म्हणाला, "चव छान आहे." नुसतं 'चव छान आहे' म्हटलं की काय म्हणायचं राहून गेलं, हे मराठी घरात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

घरी येऊन मी ती रेसिपी पुन्हा वाचली. या वेळी स्वयंपाकासाठी नाही, एखादी कथा वाचावी तशी. मग तसल्याच आणखी दहा-बारा वाचल्या. 'एअर फ्रायर बार्बेक्यू पोर्क रिब्ज' हा आता एक लेखनप्रकारच झालाय, आणि त्याचे नियम सुनीताइतके पक्के आहेत. शीर्षकात मिनिटं. मग लेखिकेची मुलं किंवा नवरा, ज्यांना ही डिश 'दर आठवड्याला' हवी असते. मग हाडांच्या मागचा पातळ पापुद्रा पेपर टॉवेलने धरून ओढून काढा. ब्राऊन शुगर, पाप्रिका, लसूण पावडर, मीठ, मिरी चोळा. बास्केटमध्ये मावत नाही म्हणून रॅकचे दोन-तीन तुकडे करा. १९० अंश सेल्सिअस, २५ ते ३० मिनिटं. शेवटच्या पाच मिनिटांत 'तुमच्या आवडीचा' बार्बेक्यू सॉस. शेवटी चकाकणारा फोटो.

यातल्या कृतीबद्दल माझी फार तक्रार नाही. पापुद्रा काढायचा सल्ला बरोबर आहे, सॉस शेवटी लावायचा हेही बरोबर, कारण त्यातली साखर आधी जळते. माझी तक्रार शब्दांबद्दल आहे.

पहिला शब्द, फ्रायर. या यंत्रात काहीही तळलं जात नाही. वर तापणारी कॉइल, तिच्यामागे पंखा, खाली जाळीची बास्केट. लहानशा जागेत गरम हवा वेगाने फिरते, पदार्थाचा पृष्ठभाग झटकन कोरडा होतो आणि खरपूस भाजला जातो. म्हणजे हा पंखा लावलेला छोटा ओव्हन. फिलिप्सने २०१० मध्ये तो बाजारात आणला तेव्हा त्यांना बटाट्याच्या फ्राइज विकायच्या होत्या, म्हणून नाव तळण्याचं. जन्मापासूनच हे यंत्र दुसऱ्याच्या आडनावाने वावरतंय.

दुसरा शब्दप्रयोग, 'हाडावरून गळून पडणारं मांस'. जवळजवळ प्रत्येक रेसिपीत तो असतो. गंमत अशी की अमेरिकेतल्या बार्बेक्यू स्पर्धांमध्ये हा दोष मानतात. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या परीक्षकांना शिकवतात की रिबचा चावा घेतला की तेवढाच तुकडा निघायला हवा, बाकीचं मांस हाडाला धरून राहायला हवं. सगळंच गळून पडलं तर रिब जास्त शिजली. आणि त्याहून मोठी गंमत म्हणजे अठ्ठावीस मिनिटांत ते गळून पडतही नाही.

का, ते थोडं तपशिलात सांगतो, कारण या रेसिपींची खरी फसगत इथे आहे. डुकराचं मांस ६३ अंशांना खायला सुरक्षित होतं, आणि बऱ्याच रेसिपी थर्मामीटरवर तोच आकडा बघायला सांगतात. पण सुरक्षित वेगळं आणि मऊ वेगळं. बरगड्यांभोवती कोलॅजन भरपूर असतं, चिवट दोऱ्यांसारखं. साधारण सत्तर अंशांच्या पुढे ते हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, आणि मऊ रिब म्हणतो ती आतून नव्वदच्या पुढे गेलेली असते. नुसतं तापमान गाठून भागत नाही, तिथे थांबावं लागतं. म्हणून पिटवर ११० ते १३० अंशांच्या हवेत पाच-सहा तास जातात. स्पेअर रिब्जसाठी लोक ३-२-१ असा पाढाच म्हणतात, म्हणजे तीन तास धुरात, दोन तास फॉइलमध्ये गुंडाळून, एक तास सॉस लावून. माझा सहकारी 'किती तास?' म्हणाला ते कुतूहल नव्हतं. आपल्याकडे 'भाजणी घरची का?' विचारतात, तसा तो प्रश्न होता.

राहिला तिसरा शब्द, बार्बेक्यू.

कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या लाकडी माचाणाला स्पॅनिश लोक 'बार्बाकोआ' म्हणू लागले, तिथून तो आला. पण अमेरिकेच्या दक्षिणेत बार्बेक्यू ज्यांनी घडवला त्यांत गुलाम म्हणून राबवल्या गेलेल्या कृष्णवर्णीय आचाऱ्यांचा वाटा फार मोठा. खड्डा खणायचा, लाकडाचे निखारे करायचे, रात्रभर जागून मांस उलटायचं, हे काम त्यांचं. ॲड्रियन मिलरचं 'ब्लॅक स्मोक' (२०२१) हे पुस्तक याच इतिहासावर आहे. त्यातला मुद्दा या रेसिपींना नेमका लागू पडतो. बार्बेक्यूचं कौतुक वाढत गेलं, टीव्हीवर गेलं, आणि त्या प्रवासात कृष्णवर्णीय पिटमास्टर चित्राबाहेर ढकलले गेले.

'तुमच्या आवडीचा सॉस' या तीन शब्दांत हे सगळं बसलंय. मेम्फिसजवळ जन्मलेला हेन्री पेरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅन्सस सिटीत आला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून भाजलेलं मांस विकू लागला. तो कृष्णवर्णीय होता, आणि शहराच्या बार्बेक्यूचा जनक त्यालाच मानतात. त्याचा सॉस तिखट, झणझणीत होता. त्याच्याकडे काम केलेल्या चार्ली ब्रायंटने आणि मग चार्लीचा भाऊ आर्थर याने ती परंपरा पुढे चालवली. पण आज जगभर बाटलीत मिळणारी 'बार्बेक्यू चव', घट्ट, गोड, टोमॅटोची, ती मुख्यतः रिच डेव्हिस या बालमानसोपचारतज्ज्ञाच्या केसी मास्टरपीसने १९७० च्या दशकानंतर पसरवली. डेव्हिसने काही चोरलं असं मी म्हणत नाही. त्याचा सॉस वेगळा होता, लोकांना आवडला. पण रेसिपीत मांस ओव्हनचं, धूर नाही, वेळ नाही, तेव्हा 'बार्बेक्यू' या शब्दाचा सगळा भार त्या बाटलीवर येतो. बाटली काढली तर ती नुसती मसाला लावून भाजलेली बरगडी.

धूर अगदीच नसतो असंही नाही म्हणा. रिब्जची चरबी गरम ड्रॉवरमध्ये ठिबकते, जळते, आणि अपार्टमेंटचा स्मोक अलार्म केकाटायला लागतो. 'ड्रॉवरमध्ये थोडं पाणी घाला' ही या प्रकारातली सगळ्यात प्रामाणिक ओळ. सहा तास धूर जपणाऱ्या पदार्थाची ही आवृत्ती धूर होऊ नये म्हणून धडपडते.

*

इथवर लिहून मी फारच शुद्धतावादी वाटत असेन. म्हणून दुसरी बाजू.

या रेसिपींच्या अगदी विरुद्ध टोकाला ॲरन फ्रँकलिनचं 'फ्रँकलिन बार्बेक्यू' (२०१५) आहे. ऑस्टिनमधल्या त्याच्या दुकानासमोर लोक तासन्‌तास रांग लावतात. पुस्तकात पाककृती थोड्याच. त्याआधी पानंच्या पानं लाकूड, हवेचा झोत, धुराचा रंग, आणि लोखंडी टाकीपासून स्मोकर कसा बनवायचा ते. मला ते पुस्तक फार आवडतं, कारण ते वेळ लपवत नाही. पण ते वाचताना माझ्या लक्षात आलं की त्यातल्या 'तुम्ही'कडे परसदार आहे, वेल्डिंगची सोय आहे, आणि घरी कोणी वाट बघत नसलेला अख्खा शनिवार आहे. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. भाडेकरारात लिहिलंय की बाल्कनीत कोळसा पेटवायचा नाही, आणि लाकडी सांगाड्याच्या इमारतीत ते योग्यच आहे. एअर फ्रायरच्या रेसिपी माझ्यासारख्यांशी बोलतात. कामावरून साडेसहाला येणाऱ्या, अंगण नसलेल्या माणसाला फ्रँकलिन काहीच सांगत नाही. त्या सांगतात. हे त्यांचं मोल मी नाकारणार नाही.

वेळ म्हणजेच बार्बेक्यू, असंही सरळ म्हणता येत नाही. माझ्या सहकाऱ्याच्याच मेम्फिसमध्ये 'रॉन्देवू' हे १९४८ पासूनचं प्रसिद्ध ठिकाण आहे. ग्रीक वंशाच्या चार्ली व्हर्गोसने तळघरात कोळसा उतरवायच्या जुन्या वाटेचा धुराड्यासारखा उपयोग करून ते उभं केलं. तिथल्या रिब्ज थेट कोळशाच्या आचेवर, तुलनेने लवकर होतात. काही कर्मठ लोक तिला बार्बेक्यू मानत नाहीत, तरी रांग असतेच. आणि पळवाटांचं म्हणाल तर लाकडाचा धूर थंड करून बाटलीत भरलेला 'लिक्विड स्मोक' एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विकायला काढला तो कॅन्सस सिटीच्याच अर्नेस्ट राइट नावाच्या औषधविक्रेत्याने. निदान त्याच्या बाटलीत खरा धूर होता.

मग मला नेमकं खुपतंय काय? ते कळायला मला महाराष्ट्रातले हायवे आठवावे लागले. 'चुलीवरचं मटण', 'चुलीवरची मिसळ', 'चुलीवरचा चहा'. काही ठिकाणी खरंच चूल असते, मागे कोणीतरी डोळे चोळत फुंकणीने जाळ करत असतं. काही ठिकाणी चूल दर्शनी भागात शोभेला आणि आत गॅसची शेगडी. त्या दुसऱ्या मटणाची चव वाईट असते असं नाही. पण पाटीवरचा शब्द धुरात बसलेल्या बाईच्या डोळ्यांचे पैसे घेतो आणि तिला दारातही उभं करत नाही. अशा पाट्यांवर मी मित्रांच्या गाड्यांमध्ये बसून भरपूर तोंडसुख घेतलंय. आणि मग ऑफिसात तशीच पाटी स्वतःच्या हाताने लिहून ट्रेसमोर लावली, मेम्फिसच्या माणसासमोर.

म्हणून माझं मत असं. या रेसिपी वाईट लिहिलेल्या आहेत, कारण आपण काय करतोय हे सांगायला त्यांना लाज वाटते. 'झटपट' आणि 'अस्सल' दोन्ही एकाच शीर्षकात हवं असतं, म्हणून मग अठ्ठावीस मिनिटांत मांस गळून पडतं. त्यांनी खरं सांगितलं असतं तर डिशही सुधारली असती. मऊपणा हवा तर वेळ कुठून तरी आणावाच लागतो, आणि आपल्या घरांत तो आणायचं यंत्र आधीपासून आहे.

मी आता असं करतो. पापुद्रा काढून, मीठ-मसाला चोळून रिब्ज कुकरमध्ये तळाला कपभर पाणी घालून ठेवतो. शिट्टी आली की आच मंद करून वीस-पंचवीस मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू देतो. बाहेर काढून कोरड्या करतो, पातळ सॉस लावतो आणि एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर आठ-दहा मिनिटं, कडा काळपट होईपर्यंत. कुकरमधलं पाणी फेकत नाही, आटवून सॉसमध्ये घालतो. सगळं मिळून सव्वा तास. यंत्राला जे येतं तेवढंच काम त्याला दिलेलं असतं, म्हणजे वरून भाजायचं.

पुढच्या पॉटलकला चिठ्ठीवर लिहिलं, 'पोर्क रिब्ज, कुकरमध्ये शिजवून भाजलेल्या'. मेम्फिसवाल्याने चिठ्ठी वाचली, तीन खाल्ल्या आणि विचारलं, "हा कुकर कुठला?"

या वेळी मला उत्तर देता आलं.