लोकधुनेतील दुसरा स्वर

पंडित कुमार गंधर्व यांच्या माळवी लोकसंगीताच्या व्यासंगाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. १९४८ साली क्षयाच्या विकारामुळे ते देवासला आले, अंथरुणास खिळलेले असता माळवी स्त्रियांची गाणी त्यांच्या कानी पडली, आणि राग हा लोकधुनेतून उगवतो हा विचार तेथे आकारास आला, हे सर्वश्रुत आहे. 'अनूपरागविलास' (१९६५) या ग्रंथातील धुनउगम रागांनी त्या विचाराला शास्त्राची बैठक दिली. या साऱ्या चर्चेत एका गोष्टीची मात्र उपेक्षा झाली आहे, असे आम्हांला वाटते. ती म्हणजे वसुंधराबाई कोमकली यांचा स्वर.

कुमारांच्या पहिल्या पत्नी भानुमतीबाई १९६१ साली निवर्तल्या. १९६२ साली वसुंधराबाईंशी त्यांचा विवाह झाला. कलकत्त्यात वाढलेल्या वसुंधराबाईंनी मुंबईस प्रा. देवधर व स्वतः कुमार यांच्याकडे तालीम घेतली होती. म्हणजे त्या देवासच्या घरात आल्या त्या गायिका म्हणूनच. परंतु दांपत्य म्हटले की आपले लक्ष गाण्यावरून उडून गोष्टीकडे वळते. धार जिल्ह्यातील मांडूचेच पाहा. १५६१ साली बाजबहादूरचे राज्य गेले. तो व रूपमती यांच्या प्रीतीची आख्यायिका माळव्यात अद्याप सांगितली जाते. दोघेही संगीताचे जाणकार होते, असे ती आख्यायिका सांगते. पण एकाच्या स्वराने दुसऱ्याच्या स्वराला काय दिले, याविषयी ती मुकी आहे. देवासच्या या जोडप्याबाबत आपणही तेच करावे काय?

लोकगीत हे मुळात एकट्याचे नव्हे. आपल्याकडे जात्यावर दोघी समोरासमोर बसतात. खुंट्याला दोघींचे हात असतात, एकीने ओवी उचलली की दुसरी ती पुढे नेते. माळव्यातील लग्नगीतेही बायका मिळूनच गातात. याउलट आपला ख्याल प्रायः एका गायकाचा असतो. मागे बसलेला शिष्य मोकळी जागा भरतो एवढेच. लोकधून मैफलीत आणताना तिचे स्वर आणणे सोपे आहे. तिचे अनेकपण आणणे कठीण आहे. शाळेतही आम्ही हे पाहतो. एकटा मुलगा कविता म्हणतो तेव्हा त्याची नजर शिक्षकांकडे असते. दोघे म्हणू लागले की ते एकमेकांना ऐकू लागतात.

कबीर, सूरदास व मीरा यांच्या पदांची 'त्रिवेणी' या दृष्टीने ऐकावी. आजारानंतर कुमारांच्या गायकीत छोटे, तुटक, एकाएकी झेपावणारे उद्गार आले, आणि त्यांच्या मधली शांतताही बोलू लागली. वसुंधराबाईंचा स्वर सरळ व स्थिर आहे. तो त्या झेपेची नक्कल करीत नाही. धुनेची ओळ धरून ठेवतो. त्यामुळे कुमार ओळीपासून कितीही दूर गेले तरी धून हरवत नाही. ही झीलकऱ्याची जागा नव्हे. झीलकरी म्हटलेले पुन्हा म्हणतो; येथे दुसरा स्वर पहिल्याला मोकळीक देतो.

ग्रामीण स्त्रियांचे गाणे तालीम घेतलेल्या गळ्यांतून आले की ते लोकगीत राहत नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो आम्हांला मान्य आहे. पण या दोघांचा प्रयोग हुबेहूब नक्कल करण्याचा नव्हताच. धुनेचा स्वभाव शास्त्रशुद्ध गळ्याला पेलतो काय, हा त्यांचा प्रश्न होता. आणि दोन स्वरांमुळे त्याचे उत्तर अधिक खरे झाले. आमची तक्रार निराळी आहे. हे सहगायन पदे व गीते यांपुरते राहिले. ख्यालाच्या मैफलीत दुसरा स्वर पुन्हा साथीच्या जागी गेला. ज्या विचाराने रागाला धुनेपर्यंत मागे नेले, त्याने मैफलीची रचनाही हलवावयास हवी होती.

कुमार १९९२ साली गेले. वसुंधराबाई २०१५ पर्यंत होत्या, त्यांनी गाइले आणि शिकविले. कन्या कलापिनी यांच्या गाण्यामागे या दोघांचीही तालीम आहे. तेव्हा देवासच्या प्रयोगाचे मूल्यमापन करताना वसुंधराबाईंचे नाव केवळ चरित्राच्या प्रकरणात घालून भागणार नाही. ते गायकीच्या प्रकरणात यावयास हवे.