जाड पोलादी सांध्यातील आधारपट्टीची निवड : एक परीक्षण

जाड पोलादी सांधा एका बाजूने वेल्ड करावयाचा असता वितळलेला धातू मुळाशी गळून जाऊ नये म्हणून फटीखाली आधारपट्टी लावतात. तिच्या निवडीचा विचार पुष्कळदा येथेच संपतो. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या डी १.१ संहितेतील कोष्टक इलेक्ट्रोडने केलेल्या हातवेल्डिंगसाठी ५ मिलिमीटर व सबमर्ज्ड आर्क पद्धतीसाठी १० मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी सुचविते. कोष्टक चुकीचे नव्हे; परंतु पट्टी आरपार जळू नये, एवढीच काळजी ते वाहते. वेल्डिंग काही तासांचे असते, सांधा मात्र कित्येक दशके भार वाहतो. आणि त्या काळात पट्टी मुळाशी काय करते, हा प्रश्न त्या कोष्टकाच्या कक्षेबाहेर राहतो.

१७ जानेवारी १९९४ रोजी कॅलिफोर्नियातील नॉर्थरिज येथे झालेल्या ६.७ परिमाणाच्या भूकंपाने तो प्रश्न पुढे आणला. पोलादी चौकटींच्या अनेक इमारती वरकरणी धड दिसत असूनही तुळई व खांब यांच्या सांध्यांत भंगल्या होत्या. बहुतेक तडे तुळईच्या खालच्या फ्लँजच्या वेल्डमुळाशी सुरू झाले होते. खांबाचा पृष्ठभाग व तशीच सोडलेली पट्टी यांमधील न जुळलेली फट ही वस्तुतः तयार खाचच होय. खालच्या फ्लँजला ही पट्टी बाहेरच्या, म्हणजे सर्वाधिक ताणाच्या अंगास येते. तेथेच मध्यभागी वेबमुळे वेल्डरचा हात अडतो, मुळाशी धातू नीट मिसळत नाही; आणि श्राव्यातीत तपासणीत तो दोष पट्टीच्या प्रतिध्वनीआड दडतो. भरण-धातूचा चिवटपणाही त्या काळी अपुरा होता, हे येथे विसरता येत नाही. सगळे खापर पट्टीवर फोडणे अन्यायाचे ठरेल.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या फेमा-३५० या शिफारशींनी खालची पट्टी काढून, मूळ खरवडून, त्यावर फिलेट वेल्ड घालावयास सांगितले. वरची पट्टी मात्र खांबाशी फिलेटने जोडून ठेवण्यास मुभा दिली. हा भेद ताणाच्या स्थानावर आधारलेला असून तर्कशुद्ध आहे. तथापि ‘खालची काढा, वरची ठेवा’ असे त्याचे पाठांतर घातक होय. कारखान्यात तुळई उलटी करून वेल्ड केली, तर बाहेरच्या अंगाची पट्टी वरच्या फ्लँजकडे जाते आणि नियमाचा आधारच उलटतो. नियमापेक्षा त्याचे कारण लक्षात ठेवणे म्हणूनच अगत्याचे.

पट्टी काढावयाचीच असेल, तर न जुळणारा आधार का घेऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. तांबे उष्णता झपाट्याने ओढून घेते, म्हणून ते सहसा वितळत नाही. पण आर्क थेट त्यावर पडल्यास तांबे वेल्डमध्ये शिरून तडे पाडते. जाड पोलाद स्वतःच उष्णता ओढत असते. त्यात तांब्याची भर पडल्यास मुळाचे मिश्रण अपुरे राहण्याचा संभव वाढतो. सिरॅमिक आधार जहाजबांधणीत रुळला आहे. तो सहज निघतो व मूळ डोळ्यांनी पाहता येते, हा त्याचा मोठा गुण. ओलावा शोषलेले सिरॅमिक मात्र वेल्डमध्ये हायड्रोजन सोडते, आणि जाड, जखडलेल्या सांध्यात थंड तडे पडण्याचे ते एक कारण असते. शिवाय मूळ खरवडावयाचे नसेल, तर पोलादेतर आधारावरील पूर्ण भेदनाच्या वेल्डला डी १.१ संहितेची पूर्वमान्यता लाभत नाही. कार्यपद्धती चाचणीने सिद्ध करावी लागते. ही चाचणी प्रत्यक्षातील जाडीवर आणि प्रत्यक्षातील फटीवर व्हावी. सपाट, सुट्या नमुन्यावर सुबक उतरलेले मूळ खांबाच्या कोपऱ्यात तसेच उतरेल असे मानण्यास आधार नाही.